त्याला तुझी वही दे

गेल्या वर्षी, मी बी. ए. च्या पहिल्या वर्षाला असताना, परीक्षेच्या दिवसांत एका संध्याकाळी मला विचारणा झाली, "उद्या सकाळी मोकळा आहेस का? एका अंध विद्यार्थ्याला लेखनिक पाहिजे." दुसऱ्या दिवशी माझा पेपर नव्हता. माझे अक्षर बरे आहे असे सगळे म्हणतात. मी लगेच हो म्हटले. आपण काही चांगले काम करायला निघालो आहोत असा थोडा अभिमानही मनात आला होता, हे कबूल केले पाहिजे. तो अभिमान दुसऱ्या दिवशी पहिल्या अर्ध्या तासातच उतरला.

ज्याच्यासाठी मी लिहायला बसलो तो तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता. मी त्याला दादा म्हटले. आमची ओळख पेपर सुरू होण्याच्या दहा मिनिटे आधी झाली. प्रश्नपत्रिका आली. त्याने विचारले, "पहिल्या प्रश्नात पर्याय आहेत का?" मी मान हलवली आणि पुढे काय सांगतो म्हणून त्याच्याकडे पाहत बसलो. तोही थांबून राहिला. बराच वेळ गेल्यावर तो शांतपणे म्हणाला, "तू मान हलवली असशील, तर मला दिसत नाही." असे त्या दिवशी माझ्याकडून तीन वेळा घडले.

दुसरी चूक याहून मोठी होती. तो उत्तर सांगू लागला की मला वाटे, हे वाक्य जरा सुधारून लिहावे. त्याच्या भल्यासाठीच मी दोनचार ठिकाणी शब्द बदलले. एका प्रश्नाचे उत्तर त्याने वाचून दाखवायला सांगितले तेव्हा ते त्याच्या लक्षात आले. "दादा, मी सांगतो तेवढंच लिही," तो म्हणाला. (वयाने मोठा असून त्याने मला दादा म्हटले, यावरून त्याची अडचण समजावी. त्या तीन तासांत त्याचे सारे भवितव्य माझ्या हातात होते.) पानावर किती ओळी झाल्या, उत्तर किती लांबले, हे त्याला विचारावे लागत होते आणि मी अंदाजाने काहीतरी सांगत होतो. पुढे तीन तास संपल्याची घंटा झाली आणि पर्यवेक्षक उत्तरपत्रिका घ्यायला आले. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना अशा आहेत की लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला दर तासाला किमान वीस मिनिटे जादा मिळावीत. त्या सूचना २०१३ साली निघाल्या आणि २०१८ साली पुन्हा नव्याने निघाल्या. म्हणजे तीन तासांच्या पेपरला चांगला एक तास होतो. दादाला हे तोंडपाठ होते, मला माहीत नव्हते, आणि पर्यवेक्षकांना माहीत होते की नाही देव जाणे. बोलाचाली झाली आणि शेवटी वीस मिनिटे मिळाली. एक प्रश्न राहून गेला तो गेलाच.

बाहेर आल्यावर तो माझ्यावर रागावेल असे वाटले होते. तो एवढेच म्हणाला, "पुढच्या वेळी आधी एकदा भेटता आलं तर बरं होईल."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न आहे. दादा तर पूर्ण तयारीने आला होता. अभ्यास, नियम, वेळेचा हिशेब, सारे त्याच्याजवळ होते. तयारी नव्हती ती माझी. आपण मात्र समावेशक शिक्षणाविषयी बोलतो तेव्हा नेहमी दिव्यांग विद्यार्थ्याच्या तयारीविषयी बोलतो. त्याला काठी मिळाली का, यंत्र मिळाले का, प्रमाणपत्र मिळाले का, शिष्यवृत्ती मिळाली का. हे सर्व हवेच. पण ज्या वर्गात तो येणार त्या वर्गातल्या बाकीच्या साठ जणांना कोणी तयार केले आहे काय?

हा प्रश्न मला परीक्षेने शिकवला असे म्हटले तर ते अर्धेच खरे ठरेल. खरे म्हणजे तो मला फार आधी पडायला पाहिजे होता.

माझे सातवीपर्यंतचे शिक्षण मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात काकांकडे राहून झाले. शाळेचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण ती शाळा काही वाईट नव्हती, इतर शाळांसारखीच होती. काकांचा मुलगा माझ्याच वयाचा आणि माझ्याच वर्गात. त्याला ऐकू येत नाही हे घरच्यांना समजेपर्यंत तो चार वर्षांचा झाला होता. "पोट्टं हट्टी हाये, हाक मारली तं पाहत नाई," असेच सगळे म्हणत. पुढे एका शिबिरात त्याला श्रवणयंत्र मिळाले. त्याचे सेल लवकर संपत आणि ते आमच्या गावात मिळत नसत. काकू आठवण ठेवून बाजाराच्या दिवशी कोणालातरी आणायला सांगत. कधी येत, कधी येत नसत. काही महिन्यांनी ते यंत्र कापडात गुंडाळून पेटीत गेले आणि तिथेच राहिले.

शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलत, त्यामुळे त्याला ओठही दिसत नसत. पहिल्याच वर्षी त्यांनी मला सांगितले, "त्याला तुझी वही दे." मी दिली. तेव्हापासून सात वर्षे तो माझी वही पाहून लिहीत गेला. त्याचे अक्षर माझ्यापेक्षा सुरेख होते. शाळा तपासणीला साहेब आले की त्याची वही पुढे केली जाई आणि साहेब पाठीवर थाप मारून जात. महिन्यातून एकदोनदा फिरते विशेष शिक्षक येत, तासभर त्याच्याजवळ बसत आणि दुसऱ्या शाळेला जात. त्यांच्याकडे किती शाळा होत्या ते मला ठाऊक नाही, पण मोटारसायकल कायम घाईत असे.

एकदा, सहावीत असू, नव्या वहीच्या पहिल्या पानावर त्याने सगळे नीट उतरवले. विषय, इयत्ता, तुकडी आणि माझे नाव. स्वतःच्या वहीवर माझे नाव. वर्गात ती वही हातोहात फिरली. सगळे हसले. मीही हसलो. तोही आमच्याकडे पाहून हसला, काय झाले ते त्याला समजले नव्हते.

मला आज ज्या गोष्टीची लाज वाटते ती ही. मी त्याला सात वर्षे मदत करीत होतो असे मी समजत होतो. घरीही माझे कौतुक होई, "भावाले कसा सांभाळते पाय." पण एका शब्दाचा अर्थ मी त्याला कधी सांगितला नाही. त्यालाही कोणी दुसरे सांगितले नाही. माझी शुद्धलेखनाची चूकही तो तशीच्या तशी उतरवीत असे. तो वर्गात होता, हजेरीपटावर होता, दरवर्षी वरच्या वर्गात जात होता आणि शिक्षणाच्या पूर्ण बाहेर होता.

आठवीला आम्ही दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जाऊ लागलो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शिक्षण मोबाईलवर आले, म्हणजे त्याच्यापुरते ते संपलेच. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा सर्वांच्या तोंडावर मास्क होते. ओठ पाहून जे दोन शब्द तो ओळखत असे तेही गेले. आठवडाभर आला आणि मग आला नाही. कोणी विचारायलाही गेले नाही. काका म्हणाले, "जाऊ दे, काहून त्याले तरास देता." आज तो संत्र्याच्या हंगामात बागेत जातो. फळांची निवड करून क्रेट भरण्यात त्याचा हात फार चालतो. मी त्याच्या घरातला, माझ्या घराण्यातला पहिला कॉलेजात जाणारा. आमच्या दोघांत हुशारीचा फरक होता असे मी मानायला तयार नाही.

माझे घर आता रिद्धपूरला आहे. रिद्धपूर म्हणजे काय हे मराठीच्या प्राध्यापकांना मी सांगणे म्हणजे आगाऊपणा होईल. तेराव्या शतकात गोविंदप्रभू तिथे राहिले, म्हाइंभटांचे लीळाचरित्र तिथे सिद्ध झाले, आद्य मराठी कवयित्री महदाइसाही तिथे राहिली. २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपूरला सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. गावात मोठा आनंद झाला. मीही पेढे खाल्ले. पण या सगळ्यात मला जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते ती महानुभावांच्या स्मृतिस्थळ या ग्रंथातली आहे. केशिराजबास हे संस्कृतचे मोठे पंडित होते. त्यांना संस्कृतात ग्रंथरचना करायची होती. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. कारण काय, तर पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना ते समजणार नाही, त्या वंचित राहतील.

आपल्या अभ्यासक्रमात ही कथा मराठीचा अभिमान म्हणून शिकवली जाते. मला ती शिक्षणशास्त्राची कथा वाटते. नागदेवाचार्य म्हाताऱ्यांना म्हणाले नाहीत की तुम्ही आधी संस्कृत शिका, मग या. ते असेही म्हणाले नाहीत की त्यांना मागे बसू द्या, ऐकल्याचे पुण्य लागेल. त्यांनी पंडिताला बदलायला लावले. ज्ञान ज्याच्याजवळ आहे त्याने आपली रीत बदलावी, ज्याला ते हवे आहे त्याच्या दारापर्यंत यावे. समावेशक शिक्षणावरची जाडजाड पुस्तके याहून वेगळे काय सांगतात? १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका येथे जगभरच्या प्रतिनिधींनी ठराव केला की शाळेने मुलाला जुळवून घ्यावे, मुलाने शाळेला नव्हे. आमच्या गावात हा विचार सातशे वर्षांपूर्वी होऊन गेला, आणि त्याच तालुक्यात माझा भाऊ सात वर्षे न समजणारी अक्षरे उतरवीत बसला. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला अभिमानाची भाषणे नीट ऐकवत नाहीत.

इथे भाषेचाच आणखी एक मुद्दा आहे, तो आपल्या कला शाखेने तरी मनावर घ्यावा. मातृभाषेतून शिक्षण हवे असे आपण म्हणतो. जन्मापासून ज्याला ऐकू येत नाही त्याची मातृभाषा कोणती? मराठी त्याच्या कानावर पडलेलीच नसते. ती त्याला आपल्याला इंग्रजी येते तशी, डोळ्यांनी आणि कष्टाने शिकावी लागते. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र भाषा आहे, तिला तिचे व्याकरण आहे. हातवारे करून मराठी बोलणे म्हणजे सांकेतिक भाषा नव्हे. तिच्या अभ्यासासाठी २०१५ साली दिल्लीत राष्ट्रीय पातळीची संस्था स्थापन झाली आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तिचा उल्लेख आहे. माझ्या भावाला मात्र ना मराठी मिळाली ना ती. त्याच्या आणि काकूंच्या मध्ये पंचवीसतीस खुणा आहेत, त्या दोघांनी मिळून घरी केलेल्या. भूक, पाणी, बैल, बाजार, बाबा रागावले. एवढ्यावर माणसाचे आयुष्य चालते खरे, पण एवढ्यावर विज्ञानाचा धडा कसा समजावा? मराठी भाषा विद्यापीठात मराठीवर पुष्कळ संशोधन होईल आणि व्हावे. त्यात बहिऱ्या मुलाला मराठी लिहायला-वाचायला कसे शिकवावे याचाही अभ्यास झाला तर नागदेवाचार्यांच्या म्हाताऱ्यांना बरे वाटेल.

कायदे नाहीत असे कोणी म्हणू नये. १९७४ सालापासून केंद्राची अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकवण्याची योजना होती. १९९५ साली पहिला कायदा आला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि सात प्रकारच्या जागी एकवीस प्रकार मानले गेले. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव आहेत. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. आता या पाच टक्के जागांवर बसायला कोण येणार? ज्याला आठवीत कोणी विचारायला गेले नाही तो काय बी. ए. ला येईल? आपल्या वर्गात बाक रिकामे दिसतात ते बाक कुठे रिकामे झाले ते पाहायला खेड्यात जावे लागेल. शब्द मात्र आपण भराभर बदलले. अपंग, मग विकलांग, मग दिव्यांग. शब्द चांगला असावा हे मला मान्य आहे. पण माझ्या भावाला यातला एकही शब्द ऐकू आला नाही.

आता शिक्षकांच्या तयारीविषयी. आपल्या वर्गातले निम्मे तरी जण पुढे बी. एड. करणार, मीही करणार आहे. बी. एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आणि त्यात समावेशक शाळा हा विषय आला, ही चांगलीच गोष्ट झाली. आमच्या शेजारच्या एका ताईंच्या नोट्स मी चाळून पाहिल्या. संकल्पना स्पष्ट करा, फरक सांगा, टिपा लिहा. ताईंना मी विचारले, या दोन वर्षांत तुम्ही एकातरी अंध किंवा बहिऱ्या मुलाला शिकवले का? त्या म्हणाल्या, पाठ घ्यायच्या शाळेत तसे कोणी नव्हतेच. प्रश्नाचे उत्तर त्यांना आठ गुणांचे येते. मला त्यांना हिणवायचे नाही. पोहणे जसे पाण्यात उतरल्याशिवाय येत नाही तसे हे आहे, एवढेच म्हणायचे आहे. आणि मग अशा तयारीचे गुरुजी, चाळीस मुलांचा वर्ग, दोन इयत्ता एकत्र, वर पोषण आहाराचे रजिस्टर. त्यांनी बिचाऱ्यांनी दुसरे काय म्हणावे? "त्याला तुझी वही दे."

यावर काही जण म्हणतील, आणि आमच्या वर्गात चर्चा झाली तेव्हा एक मैत्रीण म्हणालीच, की मग अशा मुलांना विशेष शाळेतच ठेवावे, तिथे त्यांना नीट शिकवतात. तिचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. अमरावतीचे डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालय आपल्या माहितीचे आहे. ब्रेल लिपी बोटांना लागते ती अशाच ठिकाणी. समावेशक शिक्षणाच्या नावाखाली अशा शाळा बंद झाल्या आणि सगळ्यांना सरसकट गावच्या शाळेत बसवले, तर सरकारचा पैसा वाचेल आणि माझ्या भावासारखे हजारो तयार होतील. मला वाटते, दोन्हींची गरज आहे. लहानपणी भाषा आणि लिपी पक्की करणारी जागा हवी आणि पुढे सर्वांबरोबर शिकण्याचा दरवाजा उघडा हवा. बहिऱ्या मुलाच्या बाबतीत तर पहिली पाच वर्षे हातची गेली की पुढे सारेच अवघड होऊन बसते.

हा दरवाजा उघडा असला तर काय होते हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. अचलपूर तालुक्यात परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव देऊन वाढवले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या तिथे वाढलेली माला पापळकर जन्मतः अंध, तान्ही असताना जळगाव रेल्वे स्टेशनवर टाकून दिलेली. ती ब्रेल शिकली, लेखनिकांच्या मदतीने परीक्षा देत अमरावतीत पदवीपर्यंत आणि त्यापुढे शिकली आणि २०२४ साली लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले तेव्हा सगळ्यांनी तिच्या जिद्दीचे कौतुक केले. कौतुक योग्यच आहे. पण मला फोटोत न दिसणारे लोक आठवले, ज्यांनी तिचे पेपर लिहिले, ज्यांनी तिला पुस्तके वाचून दाखवली. जिद्दीच्या गोष्टी सांगताना आपण असे करतो, की सगळे ओझे त्या एकट्या जिवावर टाकून टाळ्या वाजवून मोकळे होतो.

आपल्या भागातले याहून जुने उदाहरण माधानचे. चांदूर बाजार तालुक्यातले हे गाव आमच्यापासून फार लांब नाही. गुलाबराव महाराजांची दृष्टी वयाच्या पहिल्याच वर्षी गेली. १८८१ ते १९१५ असे चौतीस वर्षांचे आयुष्य, आणि शंभराहून अधिक ग्रंथ. आपण त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणून हात जोडतो. पण ते ग्रंथ वाचत कसे होते? इतरांनी वाचून दाखवले. लिहीत कसे होते? ते सांगत गेले, इतरांनी उतरवून घेतले. वऱ्हाडातल्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खेड्यात, ब्रेल नाही, टेप नाही, बोलणारा मोबाईल नाही, अशा वेळी कोणीतरी रोज कंदिलाजवळ बसून मोठ्याने वाचत होते आणि सांगितले तसे लिहीत होते. माझ्यासारखी वाक्ये सुधारत नसावेत अशी आशा आहे. त्यांची प्रज्ञा मला थोडीही नाही, पण त्या वाचणाऱ्यांचे काम मला करता येण्यासारखे आहे. तुम्हालाही.

तेव्हा मला जे सुचवायचे आहे ते थोडे आणि आपल्याच आवाक्यातले आहे. प्राचार्य आणि प्राध्यापक वर्गाने रागावू नये.

पहिले लेखनिकांचे. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कोण मोकळा आहे असे विचारत फिरणे बंद व्हावे. सत्राच्या सुरुवातीलाच इच्छुकांची नावे घ्यावीत, आणि त्यांना दोन तास तरी शिकवावे. शिकवायला बाहेरून कोणी तज्ज्ञ नको. तो दादा आता पदवीधर झाला आहे, त्याच्यासारखेच कोणी बोलवावे, म्हणजे लेखनिकाने काय करू नये ते तोच सांगेल. जादा वेळेचा नियम परीक्षेच्या खोलीत भिंतीवर मराठीत लावावा.

दुसरे, आवाजाचे. आपल्या मराठीच्या आणि इतिहासाच्या नेमलेल्या पुस्तकांपैकी बरीचशी श्राव्य रूपात मिळत नाहीत. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. स्नेहसंमेलनाच्या नाटकाला आपण महिनाभर तालमी करतो, तेवढ्या वेळात दहा जण मिळून एक पुस्तक स्वच्छ आवाजात वाचून ठेवू शकतात. दृष्टिहीन वाचकासाठी असे रूप करायला कायद्याने मुभा आहे, १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ साली तशी दुरुस्ती झालेली आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, ते झाडावेतच, पण हेही त्या तासांत धरावे.

तिसरे जिन्याचे. आपल्याकडे उताराची वाट आहे, ती कार्यालयापर्यंत जाते. म्हणजे फी भरता येते. कला शाखेचे वर्ग पहिल्या मजल्यावर आहेत. नवे बांधकाम होईपर्यंत निदान एक तरी वर्ग खाली आणावा आणि ज्या वर्षी असा विद्यार्थी असेल त्या वर्षी त्याची सगळी व्याख्याने तिथेच व्हावीत. यासाठी पैसा लागत नाही, वेळापत्रक लागते.

आणि प्राध्यापकांना एक विनंती. फळ्यावर लिहिताना बोलू नये. लिहून झाल्यावर आमच्याकडे वळून बोलावे. ज्यांना ऐकू येते त्यांनाही ते बरे पडते, हे मागच्या बाकावरचा म्हणून मी खात्रीने सांगतो.

दिवाळीला काकांकडे गेलो होतो. मोबाईलवर पाहून मी सांकेतिक भाषेच्या दहाबारा खुणा शिकून गेलो होतो, मोठ्या तयारीने भावापुढे केल्या. त्याने नीट पाहिल्या आणि त्यातल्या दोन मोडीत काढल्या, कारण त्यांच्या घरच्या खुणा वेगळ्या आहेत. संत्र्याची खूण त्याने मला तीन वेळा करायला लावली, तेव्हा कुठे ती त्याच्या मनासारखी झाली. मग पेटीतली जुनी वही काढून त्याने माझ्यापुढे ठेवली आणि सहावीच्या भूगोलातल्या एका शब्दावर बोट ठेवले. शब्द होता "क्षितिज". त्याला घेऊन मी शेताच्या धुऱ्यावर गेलो आणि हाताने दाखवले. त्यानंतर त्याने पान उलटले आणि दुसऱ्या शब्दावर बोट ठेवले. अशी ती वही आम्ही चार दिवसांत अकरा पानांपर्यंत नेली आहे, उरलेली उन्हाळ्यात.

लेखनिकांची यादी कार्यालयात ठेवली जाणार असेल तर माझे नाव पहिले घ्यावे. अट एकच. ज्याचा पेपर लिहायचा त्याची आणि माझी गाठ निदान आठ दिवस आधी घालून द्यावी.